जावई पीए झाले

ग्यानोबाकाकांना मी पूर्ण नाव सांगितलं असतं, तर पुढचं पुष्कळसं टळलं असतं. पण सकाळची वेळ होती, माझ्या एका हातात दुधाची पिशवी होती, दुसऱ्या हातात कोथिंबिरीची जुडी होती, आणि ग्यानोबाकाका पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यापासून आमच्या नांदेडच्या कॉलनीच्या तोंडाशी कट्ट्यावर बसून जाणाऱ्या-येणाऱ्यांचा विसर्ग मोजत असतात. त्यांच्या नजरेतून थेंब सुटत नाही.

"आनंदराज, नोकरी सोडली म्हणं?"

"हाव काका."

"मग आता काय करून राहिले?"

"पीए व्हायचं ठरवलंय."

एवढंच बोललो. 'फिजिशियन असिस्टंट' हे नाव कोथिंबीर हातात धरून उच्चारण्यासारखं नाही. शिवाय कॉलेजच्या माहितीपुस्तकात, तिथल्या पोरांच्या तोंडी, सगळीकडं त्याला पीएच म्हणतात. आपल्याकडं पीए म्हटलं की पांढरा शर्ट, दोन मोबाईल आणि आमदाराच्या गाडीतली पुढची सीट एवढंच डोळ्यांपुढं येतं, हे त्या घडीला माझ्या ध्यानात आलं नाही.

ग्यानोबाकाका कट्ट्यावरून उठले. ते सहसा उठत नाहीत. जवळ येऊन त्यांनी हळू आवाजात विचारलं, "कोणाचा?"

"ते अजून ठरलं न्हाई. आधी कोर्स करावा लागतो."

"त्याचाबी कोर्स निघाला का," असं म्हणून काका विचारात पडले. मी दूध फाटायच्या आत घरी गेलो.

मी एमआर होतो, म्हणजे औषध कंपनीचा प्रतिनिधी. टाय लावून, काळी बॅग मांडीवर घेऊन, डॉक्टरांच्या केबिनबाहेर बसणं हा माझा व्यवसाय. आत जायला मिळालं की दोन मिनिटांत दोन गोळ्या आणि एक सिरप सांगायचं आणि बाहेर यायचं. उरलेला दिवस बाकावर. शेजारचे पेशंट माझ्या टायकडं बघून मला काहीतरी वजनदार समजत आणि आपली सगळी दुखणी सांगत. मी ऐकत असे. मग त्यांचा नंबर लागे, ते आत जात, आणि त्यातलं निम्मंही न सांगता चिठ्ठी घेऊन बाहेर येत. "ते चकरांचं सांगितलं का?" मी विचारायचो. "राहिलंच की ते," म्हणून ते निघून जात.

कंपनीच्या मीटिंगसाठी हैदराबादला गेलो असताना तिथल्या एका दवाखान्यात मी असा माणूस बघितला, की जो डॉक्टर नव्हता आणि नर्सही नव्हता. तो पेशंटशी आधी बोलायचा, सगळं विचारायचा, तपासायचा, आणि मग डॉक्टरांना सांगायचा. त्याचं काम माझ्या बाकावरच्या कामासारखंच होतं. फरक एवढाच, की त्याला पगार त्याच कामाचा मिळत होता.

घरी येऊन बायकोला सांगितलं. वर्षाराणी भोकरकडच्या एका जिल्हा परिषद शाळेत शिक्षिका आहे. रोज जीपमध्ये कोंबून जाते आणि कोंबून येते, त्यामुळं तिला कशाचं आश्चर्य वाटत नाही. ती म्हणाली, "एक्केचाळिसाव्या वर्षी पुन्हा शाळेत जायचं म्हणता. माझ्याकडं पहिलीत जागा हाय."

"चार वर्षांचा कोर्स हाय. लातूरला. शेवटचं वर्ष दवाखान्यात काम."

तिनं भाजी फोडणीला टाकली. चांगलं परतून झाल्यावर म्हणाली, "करा. पण माझ्या बाबांना तुम्हीच सांगा."

वर्षाराणीचे बाबा म्हणजे उदगीरच्या भुसार बाजारातले मलप्पाशेठ. त्यांना मी घाबरत नाही, हे मी सगळ्यांना सांगत असतो.

त्या दिवशी संध्याकाळपर्यंत ग्यानोबाकाकांनी धरणाचे सगळे दरवाजे उघडले होते. पहिले आले मागच्या गल्लीतले निवृत्त हेडमास्तर. त्यांच्या सुनेची बदली करून पाहिजे होती. मग एक गृहस्थ आले, त्यांना नुसती ओळख करून घ्यायची होती. 'काम काही न्हाई' असं ते तीनदा म्हणाले, म्हणजे काम मोठं असणार. दुसऱ्या दिवशी उमरीहून माझा चुलतभाऊ मारोती अर्धं पोतं हरभरा घेऊन हजर. त्यांच्या शिवारातली विजेची डीपी जळाली होती आणि नवी बसत नव्हती.

"मारोती, अरे मी तसला पीए न्हाई. फिजिशियन असिस्टंट."

"फिजिशियन कोणत्या पक्षात हायत?"

"पक्षात न्हाईत. डॉक्टर असतात ते."

मारोतीनं समजल्यासारखी मान हलवली. "म्हणजे आरोग्यखातं. मग तर वजन जास्तीच असंल. एक फोन टाका ना भाऊ, वायरमनला."

मी फोन टाकला नाही. पण कसा कोण जाणे, पुढच्या आठवड्यात डीपी बसली. हरभरा परत घ्यायला मारोती तयार होईना, आणि उमरीत माझं नाव झालं ते कायमचं. खरं बोलून अशी किंमत वाढत असेल तर माणसानं काय करावं.

प्रवेशाची गोष्ट निराळीच. माझी बारावी सायन्सची. मार्क बरे होते, मार्कशीट होती, फक्त ती आणि मी यांच्यामध्ये बावीस वर्षं होती. या कारणासाठी गॅप सर्टिफिकेट लागतं. शिक्षण सुटल्यापासून आजपर्यंत आपण दुसऱ्या कुठल्या कोर्सला प्रवेश घेतला नाही आणि काही गैर केलं नाही, असं स्टँपपेपरवर लिहून द्यायचं. कोर्टाबाहेर टंकलेखन करणाऱ्यानं मला विचारलं, "पोराचं नाव सांगा."

"माझंच हाय."

त्यानं चष्मा वर केला. "गॅप किती?" मी सांगितल्यावर त्यानं शेजारच्या टंकलेखकाला हाक मारून बोलावलं. दोघांनी मला बघून घेतलं. "या काळात काही गैरकृत्य?" त्यानं विचारलं. मी प्रामाणिकपणे आठवू लागलो. डॉक्टरांना डायऱ्या दिल्या, पेनं दिली, एकदा एकाला भिंतीवरचं घड्याळ दिलं. "न्हाई लिहा," मी म्हणालो.

कॉलेजच्या कारकुनानं ते सर्टिफिकेट परत दिलं. त्यात 'विद्यार्थ्याच्या पालकाची सही' अशी जागा रिकामी होती. मी म्हणालो, माझे वडील वारले. तो म्हणाला, मग आईची. आई उमरीला, तिला गुडघ्यानं चालवत नाही. तो म्हणाला, मग स्थानिक पालक. शेवटी वर्षाराणीनं 'पालक' म्हणून सही केली आणि 'विद्यार्थ्याशी नाते' या रकान्यात 'पत्नी' लिहिलं. कारकुनानं ते वाचलं, शिक्का मारला आणि म्हणाला, "पाल्याकडं लक्ष ठेवा मॅडम." वर्षाराणी 'हो' म्हणाली. ती अजून ठेवते.

पहिल्या दिवशी मी वर्गात शिरलो तर सगळी पोरं उठून उभी राहिली. "गुड मॉर्निंग सर." मी घाबरून 'बसा' म्हणालो, ती बसली. आता काय करावं ते सुचेना, म्हणून मी खिडकीशी जाऊन बाहेर बघत राहिलो. तेवढ्यात आमच्या शिक्षिका पुनम मॅडम आल्या. अठ्ठावीसेक वर्षांच्या असतील. मला बघून त्या दारातच थांबल्या आणि म्हणाल्या, "सर, इन्स्पेक्शन आज आहे हे कळवलं नव्हतं." मी खाली मान घालून शेवटच्या बाकावर गेलो. पुढं वर्षभर पोरं मला 'इन्स्पेक्टर काका' म्हणत.

लातूरला मी खोली घेतली त्या इमारतीत सगळी मेडिकल प्रवेशाची तयारी करणारी पोरं. मालकानं मला विचारलं, पोरगं कुठं आहे? मेसवाल्या बाईंनी विचारलं, पोराला भात जास्त लागतो का? माझी मुलगी तनुजा नांदेडला दहावीत, आईजवळ. मी फोनवर तिला शरीरातल्या हाडांची नावं म्हणून दाखवायचो आणि ती चुका काढायची. पण चुकांपेक्षा माझी सवय वाईट ठरली. औषधशास्त्राच्या पेपरात तापावर काय द्यावं असा प्रश्न होता. मी आमच्या कंपनीच्या गोळीचं नाव लिहिलं, ती बाकीच्यांपेक्षा कशी सरस हे लिहिलं, आणि शेवटी 'कृपया एकदा संधी द्यावी' असंही हातून लिहिलं गेलं. पुनम मॅडमनी ते वाक्य लाल शाईनं अधोरेखित करून खाली लिहिलं, 'संधी पुढच्या परीक्षेत.'

या सगळ्यात उदगीरला मी काय ते नीट सांगितलं नव्हतं. फोनवर सुरुवात केली होती. मामा, म्हणजे मलप्पाशेठ, म्हणाले, "ग्यानोबाकाकांचा फोन आलता. पीए झालात म्हणं." मी म्हणालो, "मामा, त्याचं असं हाय की—" ते म्हणाले, "फोनवर बोलायच्या गोष्टी न्हाईत त्या." आणि ठेवून दिला. त्यांनी ठेवला म्हणून मीही ठेवला. याला भित्रेपणा म्हणायचा असेल तर म्हणा.

दुसऱ्या वर्षाच्या सुट्टीत बोलावणं आलं. उदगीरच्या स्टँडवरून रिक्षा भुसार बाजाराकडं वळली आणि मला मी दिसलो. खांबाला बांधलेला, दहा फूट उंच. टाय लावलेला जुना फोटो, मागं उगवता सूर्य आणि एक सिंह. 'आमचे जावई श्री. आनंदराज शेटकार यांची पी.ए. पदी निवड झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.' खाली शुभेच्छुकांची एवढी तोंडं, की निम्म्यांना मी ओळखत नव्हतो. सिंहाचा या निवडीशी काय संबंध ते मला कळलं नाही, पण आमच्या दोघांत आत्मविश्वास त्याच्या चेहऱ्यावर जास्त होता.

दुकानासमोर मंडप होता. सासूबाई, म्हणजे शिवम्मामामी, दारातच होत्या. "बर्री, कूडरी," म्हणजे या, बसा, एवढं म्हणून त्या आत गेल्या. मामी मुळातच कमी बोलतात. लग्न झाल्यापासून मी त्यांच्या तोंडून सलग तीन वाक्यं ऐकली नव्हती. मामांनी मला खुर्चीत बसवलं. शाल आली, नारळ आला. बाजारातले व्यापारी कपाळाला विभूती लावून रांगेनं बसले होते. त्यांच्या पुढच्या ओळीत पांढरा शर्ट घालून, दोन मोबाईल मांडीवर ठेवून, एक माणूस माझ्याकडं रोखून बघत होता. तो त्या भागातल्या एका पुढाऱ्याचा खरोखरीचा पीए होता.

शाल खांद्यावर पडल्याबरोबर तो उठला. "शेठ, आमच्या साहेबांनी विचारलंय. नवीन माणूस कोणाच्या गोटातला?"

मामा माझ्याकडं अभिमानानं बघू लागले. त्यांनाही ते ऐकायचं होतं. कोणीतरी माझ्या हातात माईक दिला. मी म्हणालो, "मी कोणाच्याच गोटातला न्हाई. मी फिजिशियन असिस्टंटचं शिक्षण घेऊन राहिलो. डॉक्टरांच्या आधी पेशंटशी बोलायचं, त्याला काय होतंय ते विचारायचं, तपासायचं, आणि डॉक्टरांना सांगायचं."

मग मागून आवाज आला, "म्हणजे कंपौंडर."

"न्हाई हो," दुसरा म्हणाला, "कंपौंडर औषध तरी देतो."

मामांनी हातातला हार टेबलावर ठेवला. शाल माझ्या खांद्यावरच होती. ती परत कशी मागायची हे कोणालाच ठाऊक नव्हतं. त्या मंडपात मनापासून खूश झालेला एकच माणूस, तो म्हणजे खरा पीए. तो माझ्याजवळ येऊन बसला, अभिनंदन केलं, आणि जेवण झाल्यावर छातीत कसं जळजळतं ते सविस्तर सांगू लागला. मी सगळं विचारून घेतलं. तेवढंच काय ते त्या दिवशी माझं काम झालं.

मामा मला एक शब्द बोलले नाहीत. निघताना मी वाकलो तर ते वर्षाराणीला म्हणाले, "त्यांना सांग, गाडी साडेचारला हाय." तेव्हापासून आमचं बोलणं असंच. दिवाळीला गेलो की ते समोर बसत आणि म्हणत, "त्यांना चहा द्या." पाऊस सुरू झाल्यावर मी एकदा दुकानाच्या मागच्या बाजूला गेलो, तर तुरीच्या पोत्यांवर माझा फ्लेक्स पांघरलेला. चेहरा वर. सिंह पोत्यांच्या खाली गेला होता. मी टायवरचं पाणी झटकून परत आलो.

इंटर्नशिप सुरू झाली ती लातूरच्याच एका दवाखान्यात, डॉक्टर शिल्पा यांच्या हाताखाली. मॅडम फार बोलत नसत. सकाळी फक्त म्हणत, "हिस्ट्री घ्या, मग मला सांगा." मी स्टूल ओढून पेशंटच्या शेजारी बसायचो.

"काय होतंय?"

"डॉक्टर कधी येतील?"

"येतील. तोपर्यंत मला सांगा."

"तुम्हाला सांगून काय होणार?"

हा प्रश्न मला दिवसातून इतक्यांदा विचारला जाई, की मीही तो स्वतःला विचारू लागलो होतो. किल्लारीकडच्या एका म्हाताऱ्यानं तर मला पूर्णपणे तपासून घेतलं. कुठला, कोणाचा, शिकलास किती, नोकरी का सोडली, बायको काय म्हणाली. शेवटी म्हणाला, "तुझं अवघड हाय," आणि मग आपलं पोटाचं दुखणं सांगितलं.

एका दुपारी स्ट्रेचरवरून एक पेशंट आला आणि त्यामागून शिवम्मामामी येताना दिसल्या. स्ट्रेचरवर मामा होते. चेहरा पिठासारखा पांढरा. सकाळी दुकानात बसल्या जागी भोवळ आली, दम लागला. उदगीरच्या डॉक्टरांनी हृदयाचं असेल म्हणून रक्त पातळ करायची गोळी देऊन पुढं पाठवलं होतं. वर्षाराणीला मी फोन केला. ती शाळेतून निघाली, पण भोकरहून लातूर म्हणजे अर्धा दिवस.

डॉक्टर शिल्पांनी ईसीजी बघितला, नाडी बघितली, रक्त तपासायला पाठवलं. "इथं थोडा बदल आहे, पण एवढ्यानं सांगता येत नाही. हिस्ट्री घ्या."

"मॅडम, हे माझे सासरे हायत."

"मग तुमच्याशी तरी नीट बोलतील."

"माझ्याशी ते दोन वर्षं बोललेले न्हाईत."

"आज सुरुवात होईल," म्हणून मॅडम दुसऱ्या पेशंटकडं गेल्या.

मी स्टूल ओढलं. "मामा, काय होतंय?"

मामांनी मामींकडं बघितलं. "त्यांना सांग, काही झालं न्हाई. ऊन लागलं."

"काही झालं न्हाई म्हणतात," मामी म्हणाल्या.

"छातीत दुखलं का विचारा."

"दुखलं का म्हणतात."

"सांग, न्हाई."

"याआधी कधी असं झालं होतं का? चालताना दम लागतो का?"

"त्यांना म्हणावं, पोती मोजायला अजून मीच उभा राहतो."

दम लागतच होता; हे वाक्य त्यांनी तीन तुकड्यांत पूर्ण केलं. मी खालची पापणी ओढून बघितली. आतली बाजू पांढरीफटक. हे हृदयाचं असेल नसेल, पण अंगात रक्त नव्हतं हे माझ्यासारख्यालाही दिसत होतं. ते गेलं असेल तर कुठून, हे विचारायला हवं होतं. पुस्तकात हा प्रश्न एका ओळीत आहे. पुस्तक लिहिणाऱ्याला सासरा नसावा.

मी मामींना म्हणालो, "संडासचा रंग कसा हाय, विचारा."

मामींनी पदर तोंडाला लावला. मग पदराआडून म्हणाल्या, "अहो, रंग विचारून राहिले."

"कशाचा?"

मामींनी सांगितलं. मामा उशीवरून अर्धे उठले. "त्यांना सांग, रंग बघायला मी तिथं रांगोळी काढत न्हाई."

शेजारच्या कॉटवरचा पेशंट हसला. पण एवढी वर्षं मी केबिनबाहेर बसून एक गोष्ट शिकलो होतो, की समोरचा नको म्हणाला तरी बसून राहायचं. आणि समोरच्या माणसाची नाडी धावत होती. मी मामींना म्हणालो, "मामी, खाली जाऊन केसपेपरची झेरॉक्स घेऊन या." झेरॉक्सची काही गरज नव्हती. मामी गेल्या.

आता मध्ये कोणी नव्हतं. मामांनी छताकडं बघितलं, सलाइनकडं बघितलं, भिंतीवरच्या हात धुण्याच्या सूचना वाचल्या. मग माझ्याकडं बघितलं.

"काळी," ते म्हणाले. "डांबरासारखी. पंधरा दिवस झाले."

"कुठली गोळी घेता?"

मी बसून राहिलो.

"गुडघ्याची. रोज सकाळी. पूजेच्या आधी."

"उपाशीपोटी?"

"पूजेआधी खाऊन कसं चालंल?" मामा पुटपुटले. मग एकदम हळू आवाजात म्हणाले, "बाजारात सगळ्यांना सांगत आलो, या वयात तासभर मांडी घालून पूजेला बसतो, महादेवाची कृपा. आता गोळीची कृपा म्हणून सांगू का? हिलाबी ठाऊक न्हाई. हे मी जावयाला सांगून न्हाई राहिलो."

"मीबी जावई म्हणून ऐकून न्हाई राहिलो, मामा."

मी जाऊन मॅडमना सांगितलं. दुखण्याची गोळी, रोज, उपाशीपोटी, कित्येक वर्षं, पंधरा दिवस काळी संडास, पापणी पांढरी, आणि वर सकाळी रक्त पातळ करायची गोळी. मॅडमनी ऐकतानाच ती गोळी बंद करायला लावली आणि रक्ताची बाटली मागवली. हे मी फार फुगवून सांगत नाही. तपासणीचा कागद आल्यावर त्यांना कळलंच असतं, तासाभरानं. पण तो तास मामांच्या अंगात नव्हता. दुर्बिणीतून पोट बघितलं तेव्हा आत जखम होती आणि ती वाहत होती.

त्या रात्री वर्षाराणी पोहोचली तेव्हा मामांच्या गालावर थोडा रंग आला होता. तिनं बापाकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि माझ्या ॲप्रनची उलटी गेलेली कॉलर सरळ केली. एवढंच.

मामा आठवडाभर होते. उदगीरचा निम्मा बाजार भेटायला येऊन गेला. प्रत्येकाला मामा सांगत, पोटात जखम झालती. कशानं, ते सांगत नसत, आणि मीही सांगितलं नाही. माझ्याशी ते बोलू लागले होते असं म्हणवत नाही, पण 'त्यांना' जाऊन मधूनच 'तुम्ही' येऊ लागलं होतं. "तुम्ही जेवलात का?" असं एकदा त्यांनी थेट विचारलं, तर मी इतका दचकलो, की नाडी मोजताना आकडा विसरलो.

घरी सोडायच्या दिवशी सामान बांधून झालं होतं. बाहेर व्हरांड्यात बाजारातली चारपाच मंडळी गाडी घेऊन न्यायला आली होती. मी औषधं समजावून सांगत होतो. दुखण्याची गोळी आयुष्यात पुन्हा नाही, हे मी आवाज न काढता नुसतं ओठांनी सांगितलं. मामांनी डोळे मिटून मान हलवली. मग ते काठावर उठून बसले आणि म्हणाले, "आता हिला विचारा."

"मला काय झालंय," मामी म्हणाल्या.

"हेच. जलमभर हेच म्हणती. बस तिथं. विचारा तुम्ही."

मामी कॉटच्या कडेला अवघडून बसल्या. मी स्टूल ओढलं. "मामी, काय होतंय?"

"काही न्हाई."

मी बसून राहिलो. मामी पदराच्या टोकाला पीळ घालत होत्या. बाहेर कोणीतरी गाडीचा हॉर्न वाजवला.

"गुडघे," मामी म्हणाल्या.

"कधीपासून?"

"तनुजा झाली त्याच्या आधीपासून. भाकरीला बसलं की उठवत न्हाई. रात्री पाय वळतात. छातीत जळजळ होती. आणि डोकं—" त्या थांबल्या. एवढं बोलून त्यांना स्वतःलाच नवल वाटलं असावं.

"गोळी घेता का कुठली?"

मामींनी नवऱ्याकडं एकदा बघून घेतलं. "ह्यांच्याच डब्यातली. हे पूजेला बसले की."

वर्षाराणीनं तोंडावर हात ठेवला. मामा बायकोकडं वळले. "म्हणून पट्टी लौकर संपायची," ते म्हणाले. "मी त्या मेडिकलवाल्याला चोर समजत होतो."

"किती दिवस झाले, मामी?"

"दिवस कशाला," मामी म्हणाल्या, आणि पदर सोडून नीट मांडी घालून बसल्या. "पहिल्यापासून सांगू का?"

"पहिल्यापासून सांगा."

व्हरांड्यातले एक व्यापारी दारात डोकावले. "शेठ, निघायचं ना? ऊन वाढतंय."

मामा काठी टेकत उठले, दारापर्यंत गेले आणि जाता जाता कॉटभोवतीचा पडदा ओढून घेतला. पडद्यापलीकडून त्यांचा आवाज आला.

"थांबा जरा. जावई काम करून राहिले."